परड्यातलं माळवं कागदावर : लोकचित्रांच्या शैलीतून घरच्या भाजीचा पाठ



तिसरी-चौथीच्या कुठल्याही वर्गात कोरे कागद वाटा आणि 'माझं गाव' काढायला सांगा. बहुतेक कागदांवर दोन डोंगर येतील, मधोमध उगवता सूर्य, डोंगरातून वळत येणारी नदी, कौलारू घर आणि बाजूला नारळाचं झाड. आपण शिरोळमध्ये राहतो. नदीकाठची सपाट काळी जमीन, उसाचे फड, क्षितिजापर्यंत डोंगराचा पत्ता नाही. तरी मुलांच्या कागदावर डोंगर येतोच, कारण 'गावाचं चित्र' म्हणजे काय हे त्यांनी गावाकडं बघून ठरवलेलं नसतं, दुसऱ्या चित्राकडं बघून ठरवलेलं असतं.

भाजीचंही तेच. 'भाज्या काढा' म्हटलं की गाजर, टोमॅटो, वांगं, कोबी येतात. सगळ्या सुट्या, स्वच्छ धुतलेल्या, पांढऱ्या कागदावर तरंगणाऱ्या. अर्ध्या भाज्यांना डोळे असतात आणि त्या हसत असतात. पोकळा कुणी काढत नाही. वरण्याच्या शेंगा, चाकवत, अंबाडी, शेपू कुणी काढत नाही. आणि ज्याला भाजी लागते ते झाड तर कुणीच काढत नाही.

हा पाठ त्यासाठी आहे. घरी, गच्चीवर, शाळेच्या कोपऱ्यात मुलांनी स्वतः काहीतरी पिकवायचं आणि ते लोकचित्रांच्या रीतीनं कागदावर आणायचं. साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. चित्रकला, परिसर अभ्यास, थोडं गणित आणि मराठी असं सगळं त्यात येतं. वेगळा तास मागावा लागत नाही.

माळव्याच्या तालुक्यात हे शिकवायचं कशाला?

हा प्रश्न पालक विचारतातच. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा नद्यांच्या काठचा हा तालुका. ऊस तर आहेच, पण इथलं माळवं सांगली-कोल्हापूरच्या बाजारात रोज जातं. कृष्णाकाठची वांगी तर काठाचं नाव सांगून विकली जातात. अशा गावातल्या पोरांना भाजी दाखवायची?

दाखवायची, कारण शेत आणि घर यांच्यामध्ये जे होतं ते गेलं. पूर्वी घरामागं परडं असायचं. न्हाणीचं पाणी अळूला आणि केळीला जायचं, मांडवावर दोडका, कुडावर घेवडा, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता. ते बाईमाणसाच्या आणि पोरांच्या हातातलं शेत होतं. परड्यात आता वाढीव खोली झाली, नाहीतर गाडी लागते. शेतातलं पीक मोठं झालं, औषध फवारणीचं झालं, म्हणून मुलांना तिथं फारसं कुणी नेत नाही. जयसिंगपूरसारखं शहर तर राजर्षी शाहू महाराजांनी शंभरएक वर्षांपूर्वी आखून वसवलेलं. सरळ रस्ते, चौकोनी पेठा. आता तिथंही मजल्यावर मजले चढलेत. तिथल्या मुलाला माळवं म्हणजे पिशवीतून येणारी वस्तू. खेड्यातल्या मुलाची गतही फार वेगळी राहिलेली नाही, एवढंच.

आणखी एक गोष्ट आहे, ती बोलायला जरा अवघड. ज्यांच्या घरात माळव्याचं काम होतं, त्या मुलांना ते चित्रात काढण्याजोगं वाटत नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई आठवडी बाजारात माळवं घेऊन बसते. 'माझं कुटुंब' या चित्रात तिनं आईला सोफ्यावर बसवलं होतं. सोफा घरात नाही. चित्र छान होतं, रंग रेघेबाहेर गेलेला नव्हता. पण ते चित्र तिच्या घराचं नव्हतं. लोकचित्रांकडं वळायचं खरं कारण हे आहे. नुसतं सुंदर दिसतं म्हणून नव्हे.

वारलीकडून काय घ्यायचं

वारली चित्र आता सगळ्यांना माहीत आहे. कुर्त्यावर, चहाच्या कपावर, शाळेच्या भिंतीवर, सगळीकडं तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवतीचा फेर दिसतो. त्यामुळं मुलांना वाटतं, वारली म्हणजे काडीची माणसं. सुरुवातीलाच हे दुरुस्त करा.

ही पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार या भागातल्या वारली समाजाची कला. कुडाच्या भिंतीवर शेणमातीचा लेप, त्यावर गेरू, आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानं चित्र. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की तोच कुंचला. लग्नघरी सवाष्णी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. कागदावर आणि कापडावर ही चित्रं आली ती मुख्यतः १९७० नंतरच्या काळात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. तेव्हा मुलांच्या चित्राखाली 'वारली चित्र' असं लिहू देऊ नका. 'वारली रीतीवरून' असं लिहायला सांगा. दुसऱ्याच्या घरची रीत आपण शिकतो आहोत, हे चौथीच्या मुलाला नीट समजतं.

आता रीतीकडं या. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेघ एवढ्यावर सगळं उभं असतं. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. म्हणून 'मला चित्र येत नाही' म्हणणारं मूलही पाच मिनिटांत वाकलेला माणूस काढतं. त्रिकोण कलला की माणूस वाकला! हे फळ्यावर करून दाखवाच. पाणी घालणारा, खुरपणारी, डोक्यावर बुट्टी घेतलेली, तिघांचे त्रिकोण वेगवेगळे कलतात.

पण मला याहून महत्त्वाचं वाटतं ते असं, की वारली चित्रात पीक कधी एकटं नसतं. भाताचं खाचर आहे तर लावणी करणारे हात आहेत, बैल आहे, मळणी आहे, पक्षी आहेत, वरच्या कोपऱ्यात झाडावर चढलेलं माकडसुद्धा आहे. झाडाचं पान न् पान काढलेलं असतं, आणि झाड माणसापेक्षा मोठं असतं. शेत वरून पाहिलेलं, बैल बाजूनं पाहिलेला, दोन्ही एकाच चित्रात. ज्याचं महत्त्व जास्त ते मोठं. आपल्या चित्रकलेच्या तासाला ज्याला 'प्रमाण चुकलं' म्हणून लाल रेघ मिळते, ते इथं बोलायचं साधन आहे.

त्या मुलीनं पुढं याच रीतीनं बाजार काढला. आई कागदाच्या निम्म्यात. तिच्यासमोर पोत्यावर मेथीच्या पेंढ्या, एकेक काडी मोजून काढलेल्या. तराजू आणि भोवती गिऱ्हाइकं, बोटाएवढी. आमची शाळा एका कोपऱ्यात काडेपेटीएवढी. मी काही बोललो नाही. फक्त ते चित्र दाराशेजारी लावलं, तिथं सगळ्यांना दिसतं.

आपल्याकडंही भिंतीवर-अंगणात लिहिण्याची रीत आहेच, तीही मुलांच्या लक्षात आणून द्या. दारातली रांगोळी, नागपंचमीला काढलेला नाग, दिवाळीतल्या शेणाच्या गवळणी, बेंदराला रंगवलेली मातीची बैलं. आजीला विचारून यायला सांगा, तिच्या माहेरी भिंतीवर काय काढत होते. एकाही आजीकडून रिकाम्या हातानं मूल परत येत नाही.

हसरं वांगं नको

भाज्यांना डोळे-तोंड काढण्यावर माझा आक्षेप आहे, थोडा हट्टाचाच म्हणा. जाहिरातीला ते चालतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अन्नटंचाई होती तेव्हा सरकारनं 'डिग फॉर व्हिक्टरी' म्हणून घरोघरी भाजी पिकवायची मोहीम चालवली. त्या काळातल्या प्रचारचित्रांत 'डॉक्टर कॅरट' आणि 'पोटॅटो पीट' अशी हातपाय फुटलेली भाजी होती. लोकांना गाजर-बटाटा खायला लावायचा होता, काम झालं. पण आपल्याला मुलाला काही विकायचं नाही, त्याला बघायला लावायचं आहे. वांग्याला डोळे काढले की मुलाचं लक्ष डोळ्यांवर जातं, आणि देठाची काटेरी टोपी काढायची राहते. वर्गात मी एवढंच सांगतो : भाजीला तोंड नको, भाजीला झाड पाहिजे.

आधी डबा, मग कागद

पाठाची सुरुवात कागदानं करू नका. मुलाच्या हातून आधी काहीतरी उगवू दे.

कुंड्या विकत आणायची गरज नाही. तेलाचा पत्र्याचा डबा, रंगाची रिकामी बादली, सिमेंटचं किंवा खताचं धुतलेलं पोतं दुमडून, फुटका माठ, सगळं चालतं. तळाला चार-पाच भोकं हवीतच. आपल्याकडं उसाचं पाचट भरपूर. ते तोडून तळाला घाला, वर माती आणि कुजलेलं शेणखत निम्मं-निम्मं, आणि बी उगवल्यावर मातीवर पुन्हा पाचटाचा पातळ थर. उन्हात माती लवकर वाळत नाही. गच्चीवर ठेवताना वजनाचं भान ठेवा. वीस लिटरची मातीनं भरलेली बादली भिजल्यावर पंचवीस किलोच्या आसपास जाते. म्हणून डबे गच्चीच्या मधोमध न मांडता तुळईवर, भिंतीच्या कडेनं ओळीत मांडायचे.

पाण्याबद्दल आपल्या तालुक्यात खास सांगायला हवं. बोअरच्या किंवा विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यानं काही आठवड्यांत डब्याच्या कडेला पांढरा थर धरतो. मुलं विचारतात, 'सर, हे मीठ आहे का?' तिथंच परिसर अभ्यासाचा धडा सुरू करा. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागं राहतात. शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी जमिनी अशाच क्षारपड झाल्या. वर्षानुवर्षं उसाला पाटानं भरमसाट पाणी दिलं, निचरा नाही, जमिनीखालची पाण्याची पातळी वर आली आणि क्षार घेऊन आली. ज्या गोष्टीवर मोठ्यांच्या सभा होतात, चर खणून आणि जमिनीखाली पाईप घालून निचरा केला जातो, ती मुलाला एका डब्यात दिसते. उपायही तोच. तळाची भोकं मोकळी ठेवायची, पाणी मोजून घालायचं, आणि पहिल्या मोठ्या पावसात डबे धुऊन निघू द्यायचे.

काय लावायचं? पहिल्यांदा मेथी. तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याच्या आत काढायला येते, आणि स्वयंपाकघरातल्या डब्यातली मेथी चालते. मुलांचा धीर टिकायला एवढं लवकर काहीतरी हवंच. मेथीसोबत एक भेंडी आणि एक वेल, दोडका किंवा वरणा, असं लावा. भेंडीला दीड महिन्यानं पहिली फळं, दोडक्याला त्याहून थोडं जास्त.

गच्चीवरच्या शेतीचा विचार आपल्याच जिल्ह्यातून पुढं गेला, हे पालकांना सांगा. कोल्हापूरचे प्रा. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक, 'प्रयोग परिवारा'चे प्रवर्तक. शेतकऱ्यानं आणि सामान्य माणसानं स्वतः प्रयोग करायचे, नोंदी ठेवायच्या आणि एकमेकांना सांगायच्या, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या मांडणीत पान म्हणजे ऊन पकडणारा कारखाना, म्हणून पानांचा हिशोब महत्त्वाचा. जागा किती यापेक्षा ऊन किती आणि पानं किती. हा विचार मुंबईत पोचला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर फळंभाज्यांची बाग उभी केली, ती पुष्कळांनी जाऊन पाहिली. आपल्या मुलांनी दर शनिवारी एका झाडाची पानं मोजून वहीत लिहिली तरी दाभोळकरांचा निम्मा धडा झाला, आणि गणिताचा आलेख फुकटात मिळाला.

शाळेत जागा असेल तर परसबाग आहेच. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये शाळांतल्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि आपल्याकडं पोषण आहारासोबत परसबाग बहुतेक शाळांत सुरू झाली. पण ती पाहणीच्या दिवसापुरती उरू नये असं वाटत असेल, तर तिच्या वाफ्याला मुलांची मालकी हवी. ज्याचं चित्र काढलं त्या झाडाला मूल पाणी घालायला विसरत नाही, हा माझा अनुभव.

बघायला काय सांगायचं

हा पाठाचा गाभा. नुसतं 'नीट बघा' म्हणून मूल काही बघत नाही. त्याला प्रश्न द्यावा लागतो, आणि प्रश्न असा हवा की उत्तर झाडाजवळ गेल्याशिवाय मिळणार नाही.

भेंडी झाडावर कशी असते? दहातली नऊ मुलं ती लोंबती काढतात, कारण वांगं लोंबतं, दोडका लोंबतो. भेंडी आकाशाकडं तोंड करून उभी असते. हे एकदा पाहिलेलं मूल जन्मात विसरत नाही. भेंडीचं फूल पिवळं, मधे गडद तांबडा डोळा, आणि एका दिवसाचं. आडवी कापलेली भेंडी रंगात बुडवून ठसा उठवला की बहुधा पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. तो ठसा चित्राच्या चौकटीला वापरता येतो.

मेथीचं पान तीन पानांचं असतं, पण उगवताना पहिली दोन पानं वेगळीच दिसतात. दोन्ही काढा, शेजारी-शेजारी. टोमॅटोच्या पानाला हात लावून वास घ्या आणि वास कसा दाखवाल ते मुलांना विचारा. एकानं पानातून निघणाऱ्या नागमोडी रेघा काढल्या आणि शेवटी नाक काढलं! नाक मोठं, पान छोटं. चालतं की.

वेल आधार कसा धरतो? दुधीचा तणावा फाटे फुटलेला, कारल्याचा बहुधा एकच बारीक दोरा. वरणा-चवळीला तणावे नसतातच, सगळा वेलच काठीला गुंडाळत जातो. कुठल्या बाजूनं गुंडाळतो ते बाण काढून दाखवायला सांगा. चार मुलांच्या चार डब्यांतले वरण्याचे वेल एकाच दिशेला वळलेले निघतात. तेव्हा वर्गात जो कालवा होतो तो ऐकण्यासारखा असतो. रेघांच्या चित्रात हे तणावे फार शोभतात, आणि वेटोळं काढता काढता मुलाचा हात मोकळा होतो.

दोडक्याचं फूल मात्र शाळेच्या वेळात उमललेलं दिसत नाही. ते संध्याकाळी उमलतं. दुधीचं पांढरं फूलही संध्याकाळचं. घोसाळ्याचं आणि भोपळ्याचं सकाळचं. इथं पालकांची गरज लागते. दिवेलागणीच्या आधी दहा मिनिटं मुलाबरोबर गच्चीवर जा. दोन तऱ्हेची फुलं दिसतील. एका फुलामागं नुसता देठ, दुसऱ्यामागं बोटाच्या पेराएवढा दोडका आधीच तयार. पहिलं नर, दुसरं मादी. वरच्या मजल्यावर मधमाश्या-पतंग कमी येतात, मग फळ पिवळं पडून गळतं. नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला हळूच लावायचा, की दोडका धरतो. मुलाच्या हातातलं ते पिवळं फूल आणि समोरचं दुसरं पिवळं फूल! घरच्या भाजीचं याहून चांगलं चित्र मला अजून सुचलेलं नाही.

कीडही काढायला लावा. शेंड्यावरचा मावा ठिपक्यांनी, मुंग्यांची रांग, आणि तो मावा खाणारा लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा. मुलांना हा फार आवडतो. रोगट पान, किडकं वांगं, न उगवलेला डबा हेही चित्रात येऊ दे.

रंग आणि काडी

खाकी कागद किंवा जुनं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. गेरू पाण्यात कालवून फडक्यानं पातळ लावा, वाळू द्या. तांदळाचं बारीक पीठ दोन चमचे, थोडा भिजवलेला डिंक आणि पाणी घालून दाट ताकासारखं करा. पातळ झालं तर ओलं असताना दिसतं आणि वाळल्यावर गायब होतं. काडीसाठी बांबू नसेल तर कडुनिंबाची काडी दातवणासारखी दगडानं ठेचून घ्या. बारीक ठिपक्यांना आगकाडी. हळद, पालक, बीट यांचे रंग करून बघायला हरकत नाही, मजा येते, पण हळद उन्हानं उडते आणि बीट तपकिरी पडतं. भिंतीवर लावायच्या चित्राला तांदळाचा पांढराच बरा. पेन्सिलीनं आधी आखू देऊ नका. खोडरबर पेटीत ठेवा. काडीची रेघ जाड-बारीक होते, तशीच राहू दे.

गोष्ट सांगणारे कागद

सहा आठवड्यांत मुलाकडं पाच-सहा चित्रं जमतात. ती वेगवेगळी लावण्यापेक्षा चित्रकथीची रीत वापरा. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाचे कलावंत चित्रांच्या पोथ्या दाखवत रामायण-महाभारताच्या कथा गातात. दोन कागद पाठीला पाठ चिकटवलेले असतात, एकेक चित्र पुढं धरायचं आणि कथा पुढं न्यायची. ही परंपरा टिकवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आपल्या मुलांनीही चित्रं अशीच पाठीला पाठ चिकटवायची आणि वर्गासमोर उभं राहून एकेक दाखवत आपल्या झाडाची गोष्ट सांगायची. मराठीच्या तोंडी कामाचा हा उत्तम तास होतो. बोली बोलू द्या. 'माझ्या दोडक्याला बारकं बारकं फळ आलंतं आणि ते गळालं बघा', हे वाक्य शुद्ध करायला जाल तर गोष्ट तिथंच थांबेल.

गोष्ट नेहमी गोड नसते, यासाठी तयारी ठेवा. एका मुलानं पाचव्या कागदावर घर काढलं, घराभोवती आडव्या रेघाच रेघा, आणि गच्चीवर डबे, माणसं आणि एक शेळी. भाजीच्या चित्रात हे काय, असं एका पालकानं विचारलं. मुलानं पूर काढला होता. आपल्याकडं पाऊस जिल्ह्याच्या पश्चिमेपेक्षा कितीतरी कमी. तरी वरच्या घाटमाथ्याचं आणि धरणांचं पाणी इथं उतरतं. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी तुंबतं आणि शिवारात पसरतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर प्रत्येक घराच्या बोलण्यात आहेत. त्या मुलाच्या घरचा नदीकाठचा सगळा भाजीपाला गेलेला, आणि गच्चीवर नेलेल्या दोन डब्यांतली मिरची तेवढी राहिलेली. त्याला ते घरच्यांनी सांगितलेलं होतं. भाजीचा आनंद साजरा करणाऱ्या चित्रांच्या रांगेत तो कागदही लावला, पाचव्या क्रमांकावरच.

पालकांना एक विनंती

चित्र तुम्ही काढून देऊ नका. स्पर्धेसाठीही नको. मोठ्या माणसानं काढलेलं चित्र लगेच ओळखू येतं, त्यात प्रमाण बरोबर असतं आणि झाड कुणी पाहिलेलं नसतं. तुमच्याकडून हवी आहेत ती दहा मिनिटं संध्याकाळची, आणि बी.

बी आजोळहून, शेजाऱ्यांकडून मागून आणा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातल्या गाडग्यांत राखलेल्या गावरान बियाण्यांतून बीजबँक उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेवढं मोठं काम आपल्याकडून होईल न होईल, पण प्रत्येक मुलानं एक वाण राखायला हरकत नाही. पहिल्या बहरातला एक चांगला दोडका तोडू नका. तो वेलावरच वाळू द्या, हलवला की आत खुळखुळ वाजेपर्यंत. मग टोकाची टोपी काढली की बिया बाहेर पडतात. सावलीत दोन दिवस वाळवा, थोड्या राखेत घोळवा आणि कागदाच्या पुडीत बांधा. पुडीसाठी मुलाच्या चित्रातलाच एक जादा कागद वापरा. बाहेरच्या बाजूला झाड, आत बी, आणि वर मुलाच्या अक्षरात भाजीचं नाव, वर्ष आणि बी कुणाच्या घरून आलं ते. पुडी कोरड्या डब्यात, झाकण घट्ट लावून ठेवायची. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात मुलांनी या पुड्या एकमेकांत बदलून घ्यायच्या, आणि डबे भरायला घ्यायचे.